मोठ्या बाईंनी मागितलेली मदत

आमची ही सरकारी प्राथमिक शाळेत मुख्याध्यापिका आहे. मुलं तिला मोठ्या बाई म्हणतात, मुलांच्या आया म्हणतात, टपालवाला म्हणतो, आणि भांडण झालं की मीही म्हणतो. शाळेच्या गल्लीच्या तोंडाशी माझं सायकल दुरुस्तीचं दुकान. दुकान म्हणायचं ते आपलं माझ्या समाधानासाठी. पत्र्याची शेड, हवेचा पंप, पंक्चर बघायचं पाण्याचं घमेलं आणि मी. लग्न ठरत होतं तेव्हा हिच्या मावशीनं नाक मुरडलं होतं, "पोरगी शिकवणार आणि जावई पंक्चर काढणार, कसं काय जमायचं?" चांगलं जमलं. ती दिवसभर बोलते, मी दिवसभर हो म्हणतो आणि शेवटी दोघंही आपापल्या मनासारखं करतो.

बाई कडक आहे. वर्गात बोलायला लागली की गल्लीतला भंगारवाला आपली आरोळी आवरती घेतो. पण कडक म्हणजे खडूस नव्हे. हिचा बाप हमाल होता. लहानपणी वाचनाचा तास आला की मास्तर हिला आणि हमालांच्या बाकीच्या पोरांना पाण्याची टाकी भरायला पिटाळायचे. ही पोरं अडखळत वाचायची आणि मास्तरांचा तास खोळंबायचा, म्हणून. त्या टाकीचा राग हिनं जपून ठेवला. त्या रागावर शिकली, त्याच रागावर नोकरी मिळवली, आणि आपल्या वर्गात जे पोर अडखळेल त्याला शेजारी बसवून घेऊन वाचायला लावायची. हे मी बायकोचं कौतुक म्हणून सांगत नाही. पुढे जे झालं ते तिला किती लागलं हे कळायला एवढं माहीत असलेलं बरं.

ही इथं बदलून आली तेव्हा शाळा गच्च भरलेली होती. कारकुनांची, दुकानदारांची, नर्सबाईंची, सगळ्यांची मुलं इथंच. मग मोठ्या चौकात फीवाली शाळा निघाली. तिची पिवळी बस गल्लीत शिरून दारादारातून मुलं उचलायला लागली आणि बघता बघता आमच्या ओळखीची सगळी घरं तिकडे गेली. माझ्या सख्ख्या धाकट्या भावानं आपली नातवंडं तिकडे घातली आणि वर मलाच सांगितलं, "वहिनींना वाईट वाटेल, पण मुलांच्या भविष्याचा प्रश्न आहे." त्या बसमध्ये बसून मुलांचं भविष्य कुठे जातं ते मला अजून कळलेलं नाही. माझ्या दुकानावरून जाताना मात्र ती बस धूळ उडवून जाते.

मागे राहिली ती गोदामांमागच्या वस्तीतली मुलं. त्यांचे आईबाप गोदामात पोती उचलतात, पोती शिवतात, नाहीतर बांधकामावर असतात. काम लागलं की येतात, काम संपलं की जातात. घरात वेगळीच भाषा, शाळेची भाषा शाळेत आल्यावरच कानावर पडायची. खात्याला दरवर्षी ही सगळी माहिती पाठवावी लागते. कोणाच्या घरी काय बोलतात, आईबाप काय करतात, घर विटांचं आहे की पत्र्याचं, मूल आधी कुठे शिकत होतं. ही ते सगळं जेवणाच्या टेबलावर पसरून भरायची आणि माझं ताट खिडकीत जायचं. "यंदा जवळजवळ सगळी वस्तीची," असं म्हणायची, पण कुरकुर नसायची त्यात. उलट पदर खोचून कामाला लागल्यासारखी म्हणायची.

घात केला तो निकालानं. सगळ्या शाळांची परीक्षा एकाच दिवशी होते. पेपर वरून येतात, तपासणारे बाहेरचे असतात. मग प्रत्येक शाळेचे सरासरी गुण काढतात आणि सगळ्या मुख्याध्यापकांना सभागृहात बोलावून साहेब ते वाचून दाखवतात. वाचायचे खालून वर, म्हणजे तळातली शाळा आधी. जिचं नाव वाचलं तिच्या मुख्याध्यापकानं उभं राहायचं. ही कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली त्याला एकदा माझ्याकडे पाठवा, ब्रेक काढलेली सायकल देतो उताराला.

दोन वर्षं लागोपाठ सगळ्यांत आधी उभी राहिली ती आमची ही. दुसऱ्या वर्षी तिनं तोंड उघडलं. म्हणाली, "साहेब, आमची बहुतेक मुलं घरी वेगळी भाषा बोलतात. अर्धं वर्ष सरल्यावर येतात. त्यांना पेपरातला प्रश्नच कळत नाही, उत्तर लांबच राहिलं." साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "कारणं सगळ्यांकडे असतात, बाई. निकाल कोणाकडे आहे तेवढं सांगा." सभागृह हसलं. हिच्या हाताखाली उमेदवारी करून पुढे मुख्याध्यापक झालेला एक जण होता, तोही हसला. ते हिला जास्त झोंबलं.

त्या दिवशी घरी आली ती चपला न काढताच खुर्चीत बसली. मी चहा केला. म्हटलं, "अगं, त्या साहेबाला काय कळतंय?" ती म्हणाली, "तुम्ही जरा गप्प बसाल का?" बसलो. चहा थंड झाला, तो मीच प्यायलो.

पुढच्या परीक्षेच्या थोडं आधी एके दिवशी भाजी निवडता निवडता तिनं मला एक गंमत सांगितली. दुसऱ्या एका शाळेचे मुख्याध्यापक तिला सभेत चहाच्या वेळी म्हणाले होते, "बाई, सरासरी काढतात ती परीक्षेला बसलेल्यांची. न बसलेल्यांची कोण काढणार? आमच्याकडे परीक्षेच्या दिवशी नेमकी तापाची साथ येते." आणि डोळा मारला. ही त्या गृहस्थांना नावं ठेवत होती. लबाड म्हणाली, निर्लज्ज म्हणाली. पण नावं जरा जास्तच वेळ ठेवत होती. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली.

परीक्षेच्या दोन दिवस आधी, शाळा सुटल्यावर, तिनं वस्तीतल्या काही आयांना थांबवून घेतलं. उभ्या होत्या त्या माझ्या दुकानाच्या सावलीतच, त्यामुळे मला शब्द न् शब्द ऐकू आला. त्यांत भिंगरीची आई होती. भिंगरी म्हणजे तेव्हा तिसरीत असलेली एक पोरगी. एका जागी बसणं तिच्या रक्तातच नाही, म्हणून अख्खी गल्ली तिला भिंगरी म्हणते. येता-जाता माझ्या पंपावर उड्या मारते आणि कोणाच्या तरी टायरमध्ये फुकटची हवा भरून जाते. वस्तीत येऊन तिला वर्षही झालं नव्हतं. आई गोदामात पोती शिवायची, बोटांना कायम चिंध्या बांधलेल्या.

ही त्यांना म्हणाली, "परवा परीक्षा आहे. बाहेरचे साहेब येणार आहेत. तुमच्या मुलांना त्या दिवशी घरीच ठेवा." बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कोणाला ताप नाही, काही नाही, आणि बाईच म्हणतायत पाठवू नका. ही बाई, जी एक दिवस पोर आलं नाही तर वस्तीत जाऊन दाराची कडी वाजवायची. शेवटी भिंगरीच्या आईनं विचारलं, "काही चुकलं का पोरीचं?"

आता खरं सांगायचं तर हिनं सांगायला हवं होतं, की तुमची पोरगी नापास होईल आणि माझी मान खाली जाईल. ते तोंडातून निघेना. मग ती म्हणाली, "नाही हो. उलट शाळेला मदत होईल. साहेब येतील त्या दिवशी ही मुलं घरी राहिली, तर शाळेचं नाव राहील. एवढी मदत करा."

त्या बायकांचे चेहरे असे उजळले की मला खाली घमेल्यात बघावं लागलं. त्यांच्याकडे आजवर कोणी मदत मागितली नव्हती. भिंगरीची आई म्हणाली, "एवढंच ना बाई? तुम्ही सांगायचं, आम्ही करायचं."

घरी आल्यावर मी विचारलं, "हे काय केलंस तू?" तर फणकारली, "कोणाला मारलं का मी? एक दिवस घरी राहिली तर आभाळ कोसळतंय का? तुम्ही आपली पंक्चरं काढा." वीसेक मुलं घरी राहिली. त्यांच्या नावापुढे गैरहजर लागलं. कारण आजार.

निकाल लागला आणि आमची शाळा तळातून थेट वरच्या निम्म्यात गेली. सभेत बरीच नावं होऊन गेल्यावर ही उठली तेव्हा साहेबांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. साहेब म्हणाले, "बघा, मनावर घेतलं की होतं." एक भिंतीवरचं घड्याळ दिलं बक्षीस. ते तिनं कपाटाच्या वर ठेवलं, खोक्यातून काढलंसुद्धा नाही.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा भरताना भिंगरी उड्या मारत फाटकाशी आली. तिच्या मागे ती सगळी घरी ठेवलेली टोळी. ही फाटकात उभी होती. भिंगरी म्हणाली, "बाई, आपली शाळा वर आली ना? आम्ही घरी बसलो म्हणून आली ना?" तिला वाटलं शाबासकी मिळेल. खरंच वाटलं हो. बाकीच्यांकडे वळून म्हणाली पण, "मी तर दारातसुद्धा आले नाही दिवसभर." हिनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मग तो हात कुठे ठेवावा हे तिला कळेना. प्रार्थनेला उशीर झाला म्हणून घाईनं आत गेली. प्रार्थनेला चांगला अवकाश होता.

त्या दिवसापासून ही घरात नीट जेवेना. कपाटं आवरायला काढली. आवरलेलं कपाट पुन्हा आवरलं. मी एकदा म्हटलं, "सांगून टाक जाऊन." "कोणाला?" "साहेबांना." "आणि त्या आयांना कोण सांगणार?" साहेबांपुढे ती उभी राहिली असती. भिंगरीच्या आईपुढे उभं राहायची तिची छाती नव्हती. गल्लीत ती बाई समोरून आली की ही पर्समध्ये काहीतरी शोधायला लागायची.

मग नवाच फतवा निघाला. ज्या शाळेत शंभराहून कमी मुलं, ती शाळा बंद. मुलं मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत जाणार. मोठा रस्ता म्हणजे ट्रकांचा. तिथे धडधाकट माणूस जीव मुठीत धरून पलीकडे जातो, पहिलीतली पोरं काय जाणार? पिवळ्या बसवाल्यांना त्याचं काही नव्हतं. वस्तीतली निम्मी पोरं शाळा सोडून घरी बसतील हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. आमच्या शाळेच्या पटावर शंभराच्या वर थोडीच नावं होती. पण खात्याचा शाळांच्या पटावर विश्वास उरला नव्हता. साहेब स्वतः येणार, वर्गावर्गात जाणार आणि बाकावर जेवढी डोकी दिसतील तेवढीच धरणार.

हिच्यात पुन्हा जीव आला. भिंती पुसून घेतल्या, नळ दुरुस्त केला, माझ्याकडून फाटकाला तेल घालून घेतलं. आदल्या दिवशी प्रार्थनेनंतर मुलांना म्हणाली, "उद्या मोठे साहेब येणार आहेत. आपल्या शाळेचं नाव राखायचं आहे. प्रत्येकानं शाळेला मदत करायची. घरी सांगा." केस विंचरा, नखं कापा, गोंगाट करू नका, सगळं सांगितलं. या, असं काही सांगितलं नाही. शाळेत या, असं मुलांना कोण वेगळं सांगतं?

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलं आणि हवा भरत बसलो. रोज या वेळेला वस्तीकडून लोंढा येतो. दप्तरं आपटत, एकमेकांना ढकलत, माझ्या पंपावर एक तरी लाथ मारत. त्या दिवशी गल्ली मोकळी. कारकुनांची उरलीसुरली चार पोरं गेली, वस्तीतली दहाबारा हुशार पोरं भांग पाडून गेली. मग कोणीच नाही. मला वाटलं वस्तीत काही अघटित झालं की काय. तेवढ्यात साहेबांची गाडी गेली.

थोड्याच वेळात ही फाटकातून बाहेर आली. चालत नव्हती, पळत होती. मी तिला पळताना लग्नानंतर पहिल्यांदाच बघितलं. "मुलं कुठायत?" मला विचारते, जशी मी ती शेडमध्ये लपवून ठेवलीत. म्हटलं, "आलीच नाहीत." ती तिथेच उभी राहिली. तिच्या डोक्यात काय उजेड पडला ते मला तिच्या तोंडावर दिसलं. हळूच म्हणाली, "अहो, मी त्यांना मदत करा म्हणाले."

साहेबांना तिनं तिसरीच्या मास्तरांकडे सोपवलं होतं. मास्तर त्यांना शाळेची बाग दाखवत होते. बागेत चार कुंड्या आहेत. तेव्हा वेळ फार नव्हता. दुरुस्तीला आलेली एक सायकल उभी होती, ती काढली आणि म्हटलं, "बस मागे." मुख्याध्यापिका कॅरिअरवर बसली, पदर गुंडाळून, आणि गोदामांमागच्या खड्ड्यांतून आम्ही निघालो. लोक बघत होते. बघू देत.

वस्तीत सगळी दारं लावलेली. एक पोर बाहेर नाही. भिंगरीच्या आईनं दार किलकिलं केलं, हिला बघितलं आणि पूर्ण उघडलं. ती कामावर गेली नव्हती. दिवसाची मजुरी बुडवून घरी राहिली होती, पोरीवर नजर ठेवायला. आत भिंगरी भिंतीला टेकून बसली होती. चक्क बसली होती, हालचाल न करता. आई म्हणाली, "बाई, तुम्ही कशाला आलात? निश्चिंत राहा. नळावर सगळ्याजणींचं बोलणं झालं. ज्यांची हुशार आहेत तेवढीच पाठवली. बाकी एकाला बाहेर सोडलं नाही. साहेबांच्या नजरेला एक पोर पडायचं नाही."

मी सायकलचं हँडल धरून उभा होतो. मला वाटलं जमिनीनं दुभंगावं आणि आम्हा दोघांना सायकलसकट पोटात घ्यावं.

ही म्हणाली, "मुलांना पाठवा. सगळ्यांना. आज साहेब मुलं मोजणार आहेत. कमी भरली तर शाळा बंद होईल." शेजारपाजारची दारं उघडली. चार बायका, कामावर न गेलेला एक बाप, सगळे जवळ आले. भिंगरीच्या आईला काही उलगडेना. ती रागानं नाही, खरंच समजून घ्यायला म्हणून विचारत होती, "म्हणजे साहेब आले की घरी ठेवायचं नाही? मग तेव्हा कशाला ठेवायला लावलंत?"

हिनं माझ्याकडे बघितलं. मी काय करणार होतो? मग तिनं सांगितलं. वर्गात ऐकू जाईल अशा त्या आवाजात नाही, बारक्या आवाजात. "तुमची मुलं परीक्षेत मागे पडतील, शाळेचा निकाल खाली जाईल आणि मला चारचौघांत ऐकून घ्यावं लागेल, म्हणून ठेवायला लावलं. मदत वगैरे काही नव्हती. मी खोटं बोलले."

तो बाप घरात गेला आणि त्यानं दार लावून घेतलं. त्याची दोन मुलं शेवटपर्यंत आली नाहीत. एक म्हातारी आपल्या सुनेला त्यांच्या भाषेत काहीतरी विचारत होती आणि सून तिला सांगत होती, सगळं, अगदी सावकाश. आमच्यासमोर. भिंगरीची आई बोटाची चिंधी सोडून पुन्हा बांधत होती. मग म्हणाली, "आम्ही तर लोकांना सांगत होतो, पोरीनं शाळेला वर आणलं म्हणून." आणि पोरीकडे वळून म्हणाली, "ऊठ, कपडे घाल."

भिंगरी उठली नाही. म्हणाली, "मी नाही येत. साहेबांनी काही विचारलं आणि मला आलं नाही तर?"

ही दारातच खाली बसली, उंबऱ्यावर. "आज काही विचारणार नाहीत गं. नुसतं मोजतील."

"नुसतं मोजायला मी चालते?"

"चालतेस," ही म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिच्या लक्षात आलं आपण काय म्हटलं ते. मान खाली घातली ती वर होईना. पोरगी मात्र उठली आणि खुंटीवरचा फ्रॉक काढायला लागली.

बायकांनी पोरं काढून दिली. हसतखेळत नाही, पण दिली. शाळा गेली तर ट्रकांचा रस्ता आहे हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. पोरांची रांग गल्लीत शिरली, पुढे ही चालत, मागे मी सायकल ढकलत. एरवी ही पोरं गावभर ऐकू जातात. त्या दिवशी गुपचूप चालली. त्यातल्या प्रत्येकाला वाटेत कळत गेलं असणार, आपल्याला का ठेवलं होतं ते.

साहेबांनी वर्गावर्गात जाऊन मोजलं. शंभराच्या वर तीन डोकी भरली. "वाचली तुमची शाळा," साहेब म्हणाले आणि टोपी घातली. ही म्हणाली, "साहेब, एक सांगायचंय. गेल्या परीक्षेला यातली वीस मुलं मीच घरी ठेवली होती. तो निकाल खोटा आहे." पुढचं मला तिसरीच्या मास्तरांनी सांगितलं. साहेब तसेच फाटकापर्यंत चालत गेले. गाडीत बसताना म्हणाले, "बाई, तुमच्या निकालामुळे आमच्या विभागाचा आकडा पण वर गेलाय. मला काही ऐकू आलं नाही." आणि काच वर केली.

म्हणजे शिक्षाही नाही. नोकरीवर आच नाही, बढतीवर नाही. शिक्षा झाली असती तर ही सुटली असती असं मला वाटतं. ते घड्याळ तिनं परत पाठवलं, तर खात्यानं पोच दिली आणि पुन्हा शाळेतच आणून ठेवलं. त्यानंतर ती रोज शाळा सुटल्यावर वस्तीतली पोरं तासभर थांबवून घ्यायला लागली. पेपरात प्रश्न कसे विचारतात, शाळेच्या भाषेत कसे विचारतात, हेच शिकवायची. भिंगरीची आई पोरीला न्यायला यायची. फाटकाबाहेर उभी राहायची, आत येत नसे. "बाई" म्हणायची, नमस्कार करायची, सगळं रीतसर. फक्त आधी येता-जाता दोन शब्द बोलायची, ते बंद झालं. हीही आता पर्समध्ये काही शोधत नसे. सरळ तिच्यासमोर जाऊन उभी राहायची, आणि ती बाई तिच्या बाजूनं रस्त्याकडे बघायची.

यंदाची परीक्षा झाली. एकही मूल घरी राहिलं नाही. तापाचं होतं एक, ते कांबळं पांघरून बसलं. भिंगरी पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत जागेवर होती, हे ऐकून गल्लीत कोणाचा विश्वास बसेना. पेपर गोळा करायला बाहेरचे मास्तर होते, त्यांच्याबरोबर ही. गठ्ठा चाळताना एक पेपर निघाला, सगळा लिहिलेला, प्रत्येक प्रश्नाला काही ना काही उत्तर, आणि वर नावच नाही. अक्षर हिला ओळखू आलं. नाव नसलेला पेपर तपासत नाहीत, बाद होतो. ही तो घेऊन भिंगरीच्या बाकाशी गेली. "अगं, नाव विसरलीस."

"विसरले नाही," भिंगरी म्हणाली. "घातलंच नाही. कमी पडले तर तुम्हाला बोलतील ना."

हे मला तिनं घरी येऊन सांगितलं, चपला काढून, हात-पाय धुऊन, समोर बसून. म्हणाली, पेपर तिच्यापुढे ठेवला आणि पेन्सिल दिली. भिंगरीनं विचारलं, "खरंच घालू?" हिनं मान हलवली. मग पोरीनं अगदी कोपऱ्यात नाव घातलं. इतकं बारीक, की तपासणाऱ्याला चष्मा लावूनही दिसू नये.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. मोठं लिही म्हणायचं होतं मला," ही म्हणाली. "तोंडच उघडलं नाही."